‘सहसा’ची सावली

आठवीच्या वह्यांचा गठ्ठा होता. जुलैचे दिवस, सगळ्या वह्यांना ओल्या दप्तराचा वास. फळ्यावर पाच शब्द लिहून दिले होते आणि प्रत्येकाचं एकेक वाक्य करून आणायला सांगितलं होतं: ऑल्वेज, युज्वली, ऑफन, समटाइम्स, नेव्हर. अशा गृहपाठात मास्तरला नवं काही वाचायला मिळत नाही. निम्मा वर्ग ‘आय ऑल्वेज स्पीक द ट्रूथ’ लिहितो आणि तेही शेजारच्या वहीतून उतरवून. लाल पेन आपलं आपण चालत असतं, डोळे नुसते त्याच्या मागून जात असतात. एका वहीत मात्र पेन अडलं.

‘माय फादर युज्वली कम्स होम.’

व्याकरणात खोट नव्हती. कर्ता एकवचनी, म्हणून क्रियापदाला ‘स’ लागलेला. आठवीत हा ‘स’ न सांगता लागला की मी मनातल्या मनात पेढे वाटतो. क्रियाविशेषणही क्रियापदाच्या अगदी पुढ्यात, जागच्या जागी. बरोबरची खूण करायला हरकत नव्हती, ती मी केलीही. पण पुढची वही काही उघडवेना. माझे वडील सहसा घरी येतात. म्हणजे काय? आणि ज्या रात्री येत नाहीत त्या रात्री? मुलगा मागच्या बाकावरचा, त्याच वर्षी दुसऱ्या शाळेतून आलेला, हाक मारली तरच बोलणारा. त्याचे वडील काय करतात हे मला ठाऊक नव्हतं. पोराने पानभर निबंध लिहून जे सांगितलं नसतं, ते एका शब्दात सांगून टाकलं, असं मला त्या रात्री वाटलं.

तसा हा शब्द आमच्या वर्गात थट्टेचाच. त्याच्या मधोमध जे व्यंजन आहे ते मराठीच्या वर्णमालेत नाही. झाडातला झ नव्हे, झगड्यातलाही नव्हे. ‘प्लेझर’ आणि ‘मेझर’मध्ये असतो तो, जिभेला मागे घेऊन घासून काढायचा. मुलं त्याचं ‘युजली’ करतात, ‘युज्वली’ करतात, आणि एका वर्षी वर्गात उज्ज्वला नावाची मुलगी होती तेव्हा तर या शब्दाचं वाचन मला बंदच ठेवावं लागलं. ‘ऑफन’चं दुखणं निराळं. त्यातला ट म्हणायचा की गिळायचा यावर शिक्षकांच्या खोलीत वर्षातून एकदा वाद होतो. ‘लिसन’ आणि ‘फासन’मधला ट जसा इंग्रजांनीच बोलता बोलता गाळला तसा यातलाही गाळला होता, पुढे लोक लिहिलेलं बघून बोलायला लागले तेव्हा तो परत आला. आता दोन्ही चालतं. वाद मात्र तरीही होतो, कारण चहाला वेळ असतो.

गाइडांमध्ये या शब्दांचा तक्ता असतो. ऑल्वेज म्हणजे १०० टक्के, नेव्हर म्हणजे ०, समटाइम्स बरोबर मध्ये ५०. युज्वली कुठल्या पुस्तकात ८०, कुठल्या पुस्तकात ९०. मीही वर्षानुवर्षं हा तक्ता फळ्यावर काढला. मुलांना आकडे कळतात, परीक्षेत उत्तरं बरोबर येतात. पण बोलताना माणूस टक्के मोजून बोलत नाही. माझी बायको म्हणते, ‘तुम्ही नेहमी चष्मा विसरता.’ महिन्यातून तीन वेळा विसरतो. तिच्या ‘नेहमी’त जेमतेम दहा टक्के भरतात, तरी वाक्य खोटं नाही, त्यात मोजणी नाही, वैताग आहे. गंमत म्हणजे इंग्रजीतही हेच आहे. ऑल्वेजला चालू काळ जोडला की त्याची तक्रार होते, आणि तक्रारीतलं ऑल्वेज साध्या युज्वलीपेक्षाही कमी भरतं. तक्त्यात याला खण नाही.

आपल्या ‘नेहमी’त मला ‘नेम’ ऐकू येतो. ‘मी नेहमी पाचच्या गाडीने जातो’ असं सांगणारा माणूस शंभरातल्या शंभर दिवसांची शपथ घेत नसतो. आपला नेम काय आहे, तेवढं तो सांगतो. हॉटेलात शिरल्या शिरल्या पोऱ्या विचारतो, ‘नेहमीचंच ना?’ आणि आपण मान हलवतो. म्हणून मराठी मुलांना युज्वली लिहा म्हटलं की ती ऑल्वेज लिहितात. त्यांचं चुकत नाही. त्यांच्या कानाला ‘नेहमी’ हा शब्द ऑल्वेजएवढा कडक लागतच नाही.

मग युज्वलीला मराठी शब्द कोणता? कोश सांगतो, सहसा. हा ‘सहसा’ फार फिरून आलेला आहे. संस्कृतात त्याचा अर्थ एकाएकी, अविचाराने, जोराच्या झटक्यात. भारवीच्या किरातार्जुनीयात दुसऱ्या सर्गात युधिष्ठिर संतापलेल्या भीमाला आवरतो आणि घाईने काही करू नये असं बजावतो, तेव्हा तो हाच शब्द वापरतो. हिंदीत आजही सहसा म्हणजे अचानक. आमच्या शेजारी मध्य प्रदेशातून बदलून आलेलं एक कुटुंब राहायचं. त्या ताईंनी एकदा मला ‘बिजली सहसा चली जाती है’ असं सांगितलं. त्यांना म्हणायचं होतं की दिवे एकाएकी जातात. मला ऐकू आलं की दिवे बहुतेक वेळा जातात. आमच्या गल्लीत दोन्ही अर्थ खरे असल्यामुळे हा गैरसमज पुढे चार महिने कुणाच्या लक्षातच आला नाही.

‘अचानक’चा ‘बहुतेक वेळा’ कसा झाला असेल? अगदी उलटी टोकं ही. माझा अंदाज असा की हा शब्द मराठीत राहिला तो ‘नाही’च्या आधाराने. घाईने करू नये, उतावीळपणे बोलू नये, सहसा जाऊ नये. वडीलधाऱ्यांनी शेकडो वेळा बजावलं, आणि त्या बजावण्यात घाई विरून गेली, उरलं ते फक्त ‘होता होईतो नको’. अजूनही कान देऊन ऐका. ‘तो सहसा चिडत नाही.’ ‘आमच्याकडे चातुर्मासात सहसा वांगं होत नाही.’ ‘ती सहसा कुणाकडे जेवत नाही.’ होकारात सहसा कोरडा वाटतो, पुस्तकी वाटतो. नकारात तो घरचा होतो. होकाराला आपण ‘एरवी’ म्हणतो, ‘बहुतेक करून’ म्हणतो, ‘शक्यतो’ म्हणतो. त्या मुलाने हेच वाक्य मराठीत लिहिलं असतं तर त्याच्या हातून बहुधा असं उतरलं असतं: बाबा सहसा बाहेर राहत नाहीत. आणि मी निवांत झोपलो असतो.

युज्वलीच्या पोटात लॅटिनमधला वापराचा शब्द आहे. यूज, यूज्ड, युज्वल ही सगळी एका घरची. जे वापरात आहे ते युज्वल. याला मराठीत सहसापेक्षा जवळचा शब्द आहे, फक्त तो क्रियाविशेषण नाही: वहिवाट. आणि वहिवाटीत वाट आहे. इकडे ऑल्वेजही वाटेतूनच आलेला आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ सगळी वाट, अवघा रस्ता असा होता. म्हणजे काळाची गोष्ट सांगायला त्या लोकांनी रस्ता उसना घेतला. आपणही तेच केलं. ‘पदोपदी अडचणी’ म्हणताना आपण पावलं कुठे मोजतो? ‘क्वचित’ हा मुळात कुठेतरी, एखाद्या ठिकाणी. तो आता क्वचितच जागेविषयी बोलतो. इंग्रजीतला ‘रेअर’ही मूळचा विरळ, पातळ पेरणीसारखा, आणि ‘फ्रीक्वेंट’ म्हणजे दाटीचा, गर्दीचा. वेळ दिसत नाही, म्हणून माणसाने तो शेतात आणि रस्त्यावर आणून बघितला.

वहिवाटीवरून आबांची केस आठवते. माझे आजोबा. कोरेगावच्या बाजूला आमची थोडी जमीन, विहीर दुसऱ्या टोकाला, आणि विहिरीकडे जायची पायवाट भावकीच्या बांधावरून. एका उन्हाळ्यात भावकीने काट्या टाकून वाट अडवली. मामलतदार न्यायालयांचा कायदा १९०६ चा, आणि अजून चालू आहे. त्याच्या पाचव्या कलमाखाली, वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. आबांनी पाचव्या महिन्यात केला. तारखेला मी त्यांच्याबरोबर होतो, कॉलेजात होतो तेव्हा. समोरच्या वकिलाने विचारलं, ‘तुम्ही याच वाटेने जाता?’

‘सहसा हितनंच जातो,’ आबा म्हणाले.

वकिलाने मान वर केली. ‘सहसा म्हणजे?’

‘सहसा म्हंजी सहसा.’

‘म्हणजे कधी दुसरीकडूनही जाता.’

‘वढ्याला पानी नसलं तर जातो की वढ्यातनं. लांब पडतं, पण जातो.’

वकील खूश होऊन खाली बसला. दुसरी वाट आहे, हे त्याला आबांच्याच तोंडून हवं होतं. आमच्या वकिलाने कपाळाला हात लावला. बाहेर आल्यावर तो आबांना म्हणाला, ‘आबा, नेहमी म्हणायचं हो. नेहमी!’ आबा म्हणाले, ‘न्हेमी कसं म्हनू? शपत घेतली हुती नव्हं.’

या उत्तराचं मोल मला तेव्हा कळलं नाही, आबांचा रागच आला. शब्दाची किंमत फार झाली की माणूस तो सोपा करून वापरतो. आबांना तेवढी सोय नको होती. चाळीस वर्षांत ओढ्यातून गेलेले दिवस त्यांना आठवत होते, आणि शपथेवर ते दिवस पुसायला ते तयार नव्हते. सहसा म्हणायला आधी खूप दिवस साठवावे लागतात. नव्या माणसाला ‘सहसा’ म्हणता येत नाही. दोन दिवस आलेला पाहुणा ‘इथे दूध सकाळी येतं’ म्हणेल. ‘सहसा सकाळी येतं’ म्हणायला एखाद्या दिवशी ते न आलेलं बघावं लागतं, आणि त्या दिवशी काळा चहा प्यावा लागतो.

वाट मिळाली, तीही शब्दांमुळे नव्हे. मामलतदार जागेवर आले, बांध बघितला. दोन्ही बाजूंना गुडघाभर गवत आणि मधून वीतभर रुंदीची उघडी माती, दगडासारखी घट्ट. त्यांनी बुटाची टाच त्यावर दोनदा आपटली आणि काट्या काढायला सांगितल्या. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात अशा हक्काला वीस वर्षांची अखंड, उघड वहिवाट लागते. त्याच्या खोलात जायची वेळ आली नाही. गवताने साक्ष दिली होती.

आबांच्या पिढीला सहसा वेगळा लावावा लागत नसे, आणि या ‘नसे’तच त्याचं कारण आहे. मराठीच्या क्रियापदात एक काळ आहे, व्याकरणात त्याला रीतिभूतकाळ म्हणतात. आजी पहाटे उठे. चुलीतली राख काढी, अंगणात सडा टाकी, परसातल्या तुळशीला पाणी घाली. यात रोज नाही, नेहमी नाही, सहसा नाही. तरी हे एका पहाटेचं वर्णन आहे असं कुणीही समजणार नाही. ‘काढी’तल्या त्या एका दीर्घ ईकारात हजार पहाटा आहेत. बोलताना आपण आता ‘काढायची, टाकायची’ म्हणतो, तेही तसंच. इंग्रजीला हे जमवायला ‘यूज्ड टू’ हे दोन शब्द लागतात किंवा ‘वुड’चा टेकू लागतो. त्यात ‘यूज्ड टू’ला वर्तमानकाळ नाही, म्हणून वर्तमानातल्या सवयीसाठी युज्वलीला बोलवावं लागतं. आमची मुलं ‘आय यूज टू गेट अप ॲट सिक्स’ लिहितात आणि मी लाल रेघ मारतो. रेघ मारताना वाटतं, मागणी रास्त आहे, त्या भाषेत माल नाही.

या ‘काढी, टाकी’ची आणखी एक गोष्ट शिकवताना सापडली. ज्ञानेश्वरीच्या काळात हीच रूपं वर्तमानकाळाची होती. ‘करी’ म्हणजे करतो किंवा करते. पुढच्या शतकांत वर्तमानकाळाला नवी रूपं आली आणि जुनी मागे सरकून सवयीच्या भूतकाळात जाऊन बसली. घरातही हेच होतं. आजी सडा टाकते, असं घरात सगळे म्हणत असतात, मग एका वर्षी कुणीही न ठरवता ‘टाकायची’ म्हणायला लागतात. आमच्याकडे ते आजी जिवंत असतानाच झालं. गुडघ्यांमुळे ती अंगणात उतरेनाशी झाली होती, खाटेवर बसून तिने ते ऐकलं. काही बोलली नाही.

मागच्या काही वर्षांत मला युज्वलीचा सरकारी अवतारही भेटला. २०१७ पासून देशात रोजगाराची जी पाहणी होते, नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण, तिचा बराच डोलारा युज्वल या शब्दावर आहे. माणूस कामावर आहे की बेकार, हे त्याच्या ‘युज्वल स्टेटस’वरून, म्हणजे मागच्या ३६५ दिवसांत त्याचा जास्त वेळ कशात गेला यावरून ठरवतात. आमच्या गावच्या घरी ही पाहणी आली. मुलगा तिशीच्या आतला, घामाघूम, पाणी मागून घेतलेलं. आई ओसरीवर बसली होती. ‘आजी, वर्षभर जास्त वेळ काय करता?’

‘काय न्हाई. घरातच असते.’

त्याने एक आकडा टाकला. मी वाकून बघितलं: ९२. काय म्हणून विचारलं तर म्हणाला, फक्त घरकाम. यात त्याचा दोष काही नव्हता, आईने सांगितलं तेच त्याने लिहिलं. मी म्हटलं, अहो, ती दोन म्हशींचं बघते, दोन्ही वेळचं दूध डेअरीला जातं, पुस्तक तिच्या नावावर आहे. मुलगा प्रामाणिक होता. त्याने नियम सांगितला: ते दुय्यम काम म्हणून धरता येईल, वर्षातले तीस दिवस तरी केलेलं पाहिजे. मग आईकडे वळून त्याने मोठ्याने विचारलं, ‘आजी, तीस दिवस तरी करता का?’

आई माझ्याकडे बघत म्हणाली, ‘ह्याला इचार, म्हस एकतिसाव्या दिवशी बसून ऱ्हाती व्हय?’

तिच्या हिशोबात म्हशी कामात धरलेल्याच नव्हत्या. जे रोज होतं ते तिला काम वाटत नव्हतं, ते सकाळ-संध्याकाळ होण्याचाच एक भाग होतं. एखादी वेगळी गोष्ट घडली तर ती सांगण्याजोगी: गेल्या वर्षी शेतात चार दिवस भुईमूग वेचायला गेले होते. ते मात्र तिने तारखेनिशी सांगितलं. आम्हाला अपवाद आठवतात. सहसा आठवत नाही, कारण त्यातच आम्ही बसलेलो असतो. पाहणी करणाऱ्यांनी हा शब्द निवडला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं होतं की नाही कोण जाणे, पण ‘तुम्ही सहसा काय करता’ हा बाईमाणसाला विचारायचा सगळ्यात अवघड प्रश्न आहे, आणि उत्तर हमखास एकच येतं: काही नाही.

त्या वहीकडे परत येतो. रात्री आडवा झालो तेव्हा माझ्यातला बाप घाबरला होता, पण व्याकरणाचा मास्तर जागा होता. त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. हा शब्द वाक्यात शंका आणतो, आणि ती शंका कुणावर तरी पडावीच लागते. वाक्यात वेळ असेल तर ती वेळेवर पडते, जागा असेल तर जागेवर. ‘आबा सहसा बांधावरून जातात’ म्हटलं तर शंका बांधावर. जाण्याला धक्का नाही. वाक्याच्या शेवटी काहीच नसेल तर तिला पडायला दुसरी जागा राहत नाही, मग ती क्रियापदावरच पडते. येण्यावरच. त्या पोराच्या वाक्यात बापाच्या मागे आडोसा नव्हता, म्हणून सगळी सावली बापावर पडली होती. हे कुठल्या गाइडात नाही, असायला हवं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याला टेबलापाशी बोलावलं. वही उघडून वाक्यावर बोट ठेवलं. आवाज शक्य तेवढा मऊ करून विचारलं, ‘हे वाक्य सांग बरं मराठीत.’

त्याने वाक्य वाचलं, ओठ हलवत. मग जीभ चावली.

‘सर, ॲट नाइन ऱ्हायलं.’

‘म्हणजे?’

‘युज्वली कम्स होम ॲट नाइन. ओळ संपली म्हनून टिंब दिलं.’

बघितलं तर खरंच, ‘होम’चा शेवटचा पाय समासाच्या रेघेला टेकला होता. वडील काय करतात विचारलं. बाजारपेठेतल्या किराणाच्या दुकानात कामाला आहेत, नऊला शटर पडतं. कधी माल उतरवायचा असला तर दहा वाजतात. रोज येताना काही आणतात का, असा एक अनावश्यक प्रश्नही मी विचारला. तो म्हणाला, शेंगदाणे आणतात. सहसा.

हे ‘सहसा’ त्याने मला खूश करायला म्हटलं की खरोखर, ते कळलं नाही. मला हायसं वाटलं, आणि खोटं कशाला बोला, किंचित विरसही झाला; रात्रभर मी त्या बापाची बरीच मोठी गोष्ट रचली होती. पोराने तिथेच उभ्या उभ्या पुढच्या ओळीवर ‘ॲट नाइन’ लिहिलं आणि पळाला. वरच्या ओळीतलं टिंब खोडायचं राहिलं होतं. मी अर्धा गुण कापला.